चार रविवारांमागचा हात

१५ मे, गुरुवार
संचिताला दहावीला ब्याण्णव टक्के. पेढे वाटले. पुढचा निर्णय लगेच घेऊन टाकला : कॉमर्स. सायन्स म्हणजे दोन वर्षं क्लासवाल्यांची दुकानं चालवायची आणि शेवटी बँकेच्या परीक्षेलाच बसायचं. तिची आई हेमांगी काही बोलली नाही. संचिताही काही बोलली नाही. घरात एकमत असलं की बरं वाटतं.

१८ मे, रविवार, सकाळी
बी विंगमधली शिवानी येऊन गेली. कॉलेजात फिजिक्स शिकवते. सोसायटीच्या हॉलमध्ये चार रविवार सिनेमे दाखवायचे म्हणते, शास्त्रज्ञ बायकांवरचे. मुलींना सायन्सची गोडी लागावी म्हणून. प्रोजेक्टर, सिनेमांची परवानगी, खुर्च्या, वडे, असा सगळा खर्च. अर्धा एक संस्था देणार, पण उरलेला अर्धा रहिवाशांनी उभा केला तरच.

विचारलं, यात तुमचा फायदा काय? म्हणाली, माझा काहीच नाही.

संशय तिथेच आला. ठाण्याला इन्शुरन्सच्या क्लेम्स डिपार्टमेंटमध्ये आयुष्य गेलंय. तिथे धडधाकट माणसं स्वतःच्या मृत्यूचा दाखला घेऊन येतात. ही तर फक्त प्रोजेक्टर घेऊन येतेय.

सेक्रेटरी या नात्याने परवानगी दिली. केवळ निरीक्षणासाठी. तसेही पैसे जमणार नाहीत. आमच्याकडे लिफ्टच्या दुरुस्तीला जमत नाहीत.

२१ मे, बुधवार
जमले! आणि बहुतेक सगळी रक्कम एकाच माणसाची. पावतीवर नाव : गुप्तदान.

डोंबिवलीत गुप्तदान? इथे लोक गणपतीला एकावन्न रुपये देतात आणि माईकवर नाव पुकारलं की नाही ते गॅलरीत उभं राहून ऐकतात. मी स्वतः ऐकतो.

शिवानीला नाव विचारलं. 'शब्द दिलाय हो काका,' म्हणाली. काका! बाई चाळिशीची आहे.

संकल्प : दाता शोधून काढणे. मगच झोप.

२२ मे, गुरुवार
दुपारी झोप लागली. ते धरत नाही.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या क्लासवाल्याकडे गेलो. सहज गेल्यासारखा. बाबा रे, मुलींना सायन्सकडे वळवायला तू कुठे पैसे वगैरे सोडलेत का? तो म्हणाला, 'सर, आम्ही पैसे सोडत नाही.' वर माझ्याकडून नोंदणीची फी मागायला लागला. खरं बोलत असावा. यादीतून बाद.

२३ मे, शुक्रवार
हेमांगीला सगळा तपास समजावून सांगितला. ती शिकवणी घेत होती. बारावीच्या चार-पाच पोरांना केमिस्ट्री शिकवते, वेळ जातो तिचा. लग्नाआधी एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. कपड्यांना वास यायचा म्हणून मीच सोडायला सांगितलं.

ती म्हणाली, 'कुणा बाईने दिले असतील.' हसू आलं. तिला तर्काने दाखवून दिलं : आपल्याकडे पावती फ्लॅटच्या नावाने फाटते. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. बाईने दिले तरी नाव नवऱ्याचंच लागणार. म्हणजे नवऱ्याला कळणारच. तेव्हा बाई असूच शकत नाही.

'म्हणूनच तर नाव नको म्हणाली असेल,' असं काहीतरी म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली. शिकवणीत शिस्त नाही.

जाता जाता म्हणाली, नवा फ्रीज यंदा नको, जुना चालतोय. साठवत होती बिचारी त्याच्यासाठी. समजूतदार बाई.

२५ मे, रविवार
पहिला सिनेमा. हॉल भरला. मी आत गेलो नाही, अशा भानगडी बाहेरूनच होत असतात. गेटवर उभा राहिलो.

शंका खरी ठरली. गणूशेठची पांढरी गाडी आली! आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे ते गणूशेठ. नातीला, कल्पिताला, सोडायला आले म्हणे. आले ते आले, इमारतीकडे मान वर करून बघत राहिले. सातही मजले. रीडेव्हलपमेंट! आधी मुलींना सिनेमे, मग आयांच्या सह्या, मग आम्ही सगळे भाड्याने टिटवाळ्याला.

गाडीचा नंबर टिपेपर्यंत आतून टाळ्यांचा कडकडाट. कुणा मुलीने सिनेमानंतर प्रश्न विचारला, आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञ बाईंनी तिला पुढे बोलावून घेतलं. घरी आल्यावर कळलं, ती संचिता. काय विचारलंस म्हटलं. तिने सांगितलं. मला प्रश्नच नीटसा कळला नाही. गाडीचा नंबर मात्र पूर्ण मिळाला.

२८ मे, बुधवार
गणूशेठना नाक्यावर गाठलं. सरळच विचारलं, सिनेमांना पैसे तुमचे का? ते म्हणाले, 'ओ सेक्रेटरी, मी पैसं दिलं असतं तं हितं नाक्यावर माजा बॅनर नसता का लागला?'

मुद्दा बिनतोड आहे. पण बिनतोड मुद्दा तयार ठेवून फिरणारा माणूस संशयास्पदच.

'पोरगी काय लई भारी बोलली तुमची,' असंही म्हणाले. विषय बदलायचा जुना डाव.

३१ मे, शनिवार
हॉलला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. नोटीस लावली : दात्याचे नाव जाहीर होईपर्यंत हॉल मिळणार नाही. शिवानी धावत आली. एक जरी रविवार चुकला तरी संस्था आपला हिस्सा थांबवते, म्हणाली. मी म्हटलं, मग नाव सांगा. नाही म्हणाली.

ठाम राहिलो. फार बरं वाटलं.

१ जून, रविवार
यांनी पार्किंगमध्ये सिनेमा लावला! भिंतीवर चादर, खाली सतरंज्या, तिथे आख्ख्या बिल्डिंगच्या मुली. मी पार्किंगचा दिवा चालू ठेवला. सुरक्षेचा नियम आहे. चादरीवर काहीच दिसेना. कुणीतरी बल्बच काढून नेला. खाली चक्क आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल सापडलं. म्हणजे ही टोळी आता माझ्या घरापर्यंत पोचली आहे. हेमांगीला सावध केलं. ती म्हणाली, दार नीट लावत जाईन.

संचिता आणि ती दुपारभर लॅपटॉपसमोर काहीतरी करत होत्या. मी गेलो तर बंद केला. बहुतेक माझ्या वाढदिवसाचं.

४ जून, बुधवार
विशेष सभा. जोरदार बोललो. ठराव मांडला : यापुढे गुप्तदान नाही. प्रत्येक देणगीदाराचे नाव सोसायटीच्या प्रथेप्रमाणे, फ्लॅटधारकाच्या नावाने, बोर्डावर लावावे. बहुमताने मंजूर! विरोधात एकच मत, हेमांगीचं. घरी विचारलं, माझ्या विरोधात? म्हणाली, 'बघा हं. नंतर मला बोलू नका.' काय बोलणार? शिवानीने दात्याला फोन करून विचारलं असावं, कारण सभा संपता संपता म्हणाली, दात्याची हरकत नाही, रविवारी बोर्ड लागेल.

शेवटी सत्य बाहेर येतंच, आणायला माणूस लागतो. हॉलची किल्ली दिली. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

८ जून, रविवार
तिसरा सिनेमा. संस्थेच्या बाई स्वतः बघायला आलेल्या. गणूशेठ पहिल्या रांगेत. बोर्डावर कापड. ते मीच ओढलं, तो मान मी मागून घेतला होता.

सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत : श्री. विश्राम तळवडेकर, फ्लॅट ३०२.

क्षणभर वाटलं, याच नावाचा दुसरा कुणी आहे. पण ३०२ आमचाच. मग हेमांगी दिसली. मुलींना वडे वाढत होती, मान खाली.

टाळ्या थांबेनात. संस्थेच्या बाईंनी शाल घातली, नारळ दिला. म्हणाल्या, पुरुष असून इतक्या पुढच्या विचारांचे, आणि नावसुद्धा नको होतं यांना! गणूशेठ मोठ्याने म्हणाले, 'आनि मना इचारत व्हते, तुमी दिलं का म्हनून! काय मानूस हाये!' शिवानीने नुसता माईक पुढे केला.

खुलासा करणार होतो. अगदी ओठांवर होता. पण शाल अंगावर असताना बरं दिसलं नसतं. दोन शब्द बोललो. दोनाची वीस मिनिटं झाली. मुलगी म्हणजे कुणी कमी नाही. बायका लॅबमधून घरी बसतात, हे देशाचं नुकसान. हे बोलताना आवाज जरा कापला, माईक खराब असावा. शेवटी म्हटलं, माझी संचिता सायन्सलाच जाणार, कुणी अडवून दाखवा!

हॉल उभा राहिला. सिनेमाला उशीर झाला. या वेळी आत बसून पाहिला. हेमांगी शेजारी होती. सिनेमात एका ठिकाणी डोळे पुसत होती. मी विचारलं नाही.

९ जून, सोमवार
सकाळी चहाच्या वेळी दोघींना समोर बसवलं. मोठ्या मनाने जाहीर केलं : मी परवानगी देतो. घे सायन्स.

संचिता म्हणाली, 'बाबा, अकरावीचा फॉर्म पार्किंगमध्ये सिनेमा होता त्या रविवारीच लॉक केला. सायन्सचा.'

माझ्या मोबाईलवर ओटीपी नाही आला, म्हटलं.

'आईचा नंबर दिला. तुम्ही ओटीपी घरातल्यांनापण देत नाही ना.'

मग काल माझं भाषण ऐकत का बसलात? तर म्हणे, छान बोलत होतात, मध्ये कशाला थांबवायचं.

बरं केलंस, म्हटलं. माझंही पहिल्यापासून तेच मत होतं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. काहीतरी शिजतंय. चौकशी करायला हवी. पण आता कुणाची?