चपलांचा नकाशा

सुराबाया,
शुक्रवार

प्रिय लास्त्री,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट लगेच फोडशील की फळीवर टाकून देशील, याचा मला अंदाज करता येत नाही. फोडलंस असं धरून आधी बातमी सांगते. रावा मेलाती वस्तीची नवी इमारत उभी राहिली आणि गेल्या रविवारी नदीकाठची चौपन्न कुटुंबं तिच्यात राहायला गेली. सकाळी सहापासून हातगाड्यांची रांग. भांड्यांपेक्षा कुंड्या जास्त. एक कोंबडी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून उडाली ती थेट मशिदीच्या इमामांच्या टोपीवर, आणि त्यांनी ती शांतपणे काखेत धरून "ही कुणाची?" म्हणून घरोघर विचारलं. दुपारी बायकांनी पिवळ्या भाताचा डोंगर रचला. रुंद गॅलरीत चटया पसरून सगळी बसली, आणि मी एका खांबाला टेकून पाहत राहिले. तुझा भाऊ मला बाजारात भेटला होता. तू बान्युवांगीत कपाटं आणि पाळणे करतेस आणि तुझ्या कारखान्याचा सागाचा वास रस्त्यापर्यंत येतो, असं तो सांगत होता. ऐकून बरं वाटलं. इमारतीचा एकही नकाशा तू पुन्हा काढला नाहीस, हेही त्यानेच सांगितलं.

हे काम माझ्याकडे आलं ते असं. नदीचा बांध रुंद करायचा म्हणून काठावरची घरं हलवायची होती, आणि कार्यालयाला तीन आठवड्यांत लोकांची पाहणी हवी होती. मी म्हटलं, आठ महिने लागतील आणि मी तिथेच राहीन. साहेब हसले, पण दुसरं कुणी तयार नव्हतं. बू पाइनेम नावाच्या साठीच्या विधवेकडे मी एक खोली घेतली. त्या दारातच फळं-भाज्या तिखट वाटणात कालवून रुजाक विकतात. शेंगदाणे आणि कोळंबीचा काळा लगदा त्यांच्यासारखा वाटणारी बाई मी पाहिली नाही. पहिल्या आठवड्यात मी आपल्या जुन्या पद्धतीची प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले. खोल्या किती हव्यात? सगळ्यांचं उत्तर तीन. स्वयंपाकघर कसं आहे? चांगलं. काही अडचण? नाही. संध्याकाळी बू पाइनेम म्हणाल्या, "पोरी, तू वही उघडलीस की माणसं शाळेत बसल्यासारखी बसतात. बरोबर उत्तर कुठलं तेवढंच शोधतात. ती वही ठेव आणि शेंगदाणे सोल." मग पंधरा दिवस मी शेंगदाणे सोलले. माझी नखं अजून दुखतात, पण गल्लीत कोण कुठे बसतं, कुणाचं बाळ कोण सांभाळतं, कुणाच्या चुलीवर कुणाची भाजी शिजते, हे मला तेव्हा कळलं.

आणि चपला दिसल्या. आपल्याकडे दारात चपला काढल्याशिवाय कुणी आत जात नाही, हे मला काही नवीन नव्हतं. पण त्या मोजाव्यात हे कधी सुचलं नव्हतं. रोज दुपारी चारला मी गल्लीतून एक फेरी मारायची आणि कुणाच्या दारात कुणाच्या चपला आहेत ते टिपायचं. दोन महिन्यांत चपला ओळखीच्या झाल्या, आणि एका मोठ्या कागदावर घराघरांमध्ये रेघा ओढल्या तर सगळ्या वस्तीचा जीव कुठे गुंतलाय ते समोर आलं. भिंतीला भिंत लागून वीस वर्षं राहणारी दोन घरं, त्यांच्यात एकही रेघ नाही. गल्लीच्या दोन टोकांची दोन घरं, त्यांच्यात रेघांचा दोरखंड. नव्या इमारतीत कोण कुणाशेजारी राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. मी तो कागद वस्तीच्या सभेत भिंतीवर लावला आणि म्हटलं, चिठ्ठ्या नकोत, यावरून ठरवू. लोक कागदाजवळ येऊन आपापली दारं शोधू लागले. मग कुणीतरी विचारलं, पाक कास्दूंच्या चपला रोज बू पाइनेमकडे कशा? पाक कास्दू म्हणजे पूर्वी सायकलरिक्षा चालवणारे, सत्तरीतले, होले पक्षी पाळणारे. त्यांच्या चपलेचा पट्टा तारेने बांधलेला, त्यामुळे लपणं अशक्य. ते म्हणाले, "रुजाक खायला जातो." बू पाइनेम म्हणाल्या, "खोटं. याला तिखट सोसत नाही, हा नुसता पाणी पिऊन जातो." सभा दहा मिनिटं थांबवावी लागली. आता दोघांची घरं समोरासमोर आहेत. होल्यांना तिथला वारा मानवतो, असं कारण अर्जात लिहिलंय.

गॅलरीची गोष्ट तर तुला आवडेलच. साहेबांच्या नियमात ती दीड मीटर. मी अडीच मागत होते, कारण त्या बायकांचं अर्धं आयुष्य गल्लीत जातं. घर म्हणजे त्यांना फक्त झोपायची जागा. साहेब कागदावरून ऐकेनात. मग आम्ही बॅडमिंटनच्या मैदानावर फक्कीने एक पूर्ण मजला आखला, खऱ्या मापाचा. दारांच्या जागी विटा, जिन्याच्या जागी बांबूचा सांगाडा. साहेबांना बोलावलं आणि दीड मीटरच्या पट्ट्यात स्टूलावर बसवलं. समोर बू पाइनेम खलबत्ता आणि शेगडी घेऊन बसल्या, साहेबांसाठी रुजाक करायला. आणि मग माणसं जायला-यायला लागली. पाण्याचे कॅन घेऊन एक, बाळ घेऊन एक, गॅसची टाकी घेऊन एक. प्रत्येकाला वाट द्यायला साहेब गुडघे वर घेत होते. सातव्या खेपेला वाटणाची वाटी त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर पडली. बू पाइनेम अजिबात गडबडल्या नाहीत. "साहेब, पँट धुवून देते. पण आमच्या अंगावर हे रोज पडणार, ते कोण धुणार?" साहेब भले माणूस निघाले. त्यांनी उरलेलं रुजाक संपवलं आणि अडीच मीटरवर सही केली.

त्याच मैदानावर दुसऱ्या आठवड्यात जे झालं ते मात्र हसत हसत सुरू झालं आणि माझ्यापुरतं तिथे थांबलं नाही. बांबूचा जिना बघून पाक कास्दू मशिदीत गेले आणि चौघांना घेऊन जनाज्याची लोखंडी खाट उचलून आले. मैदानात आल्यावर चपला काढून स्वतःच तिच्यावर आडवे झाले, छातीवर हात जुळवले आणि म्हणाले, "न्या वर, मग आणा खाली." चौघांनी उचललं. वळणावर खाट अडली. पाक कास्दू उठून बसले. "पाय लागतायत. अजून दोन वीत हवं." बू पाइनेम खालून ओरडल्या, "मेलेला माणूस बोलत नसतो, आडवा हो." "मी मेल्यावर बोलून उपयोग नाही, म्हणून आत्ताच बोलतोय." सगळं मैदान हसत होतं. वळण दोन वीत वाढवलं, खाट सुरळीत फिरली, पाक कास्दूंनी पडल्या पडल्याच लोकांना हात केला. मी मात्र मैदानाच्या कडेला असलेल्या शेडमागे जाऊन बसले. बू पाइनेम मागोमाग येऊन शेजारी बसल्या. आणि मी पहिल्यांदा कुणाला तरी ते सांगितलं.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी लिहिते, कारण ते माझ्या हाताने एकदा लिहिलं जायला हवं. पुलापलीकडची आपली पहिली इमारत. पाहणी माझी, आराखडा तुझा. लोक राहायला जाऊन चौदा महिने झाले आणि चौथ्या मजल्यावरचे पाक दार्मो वारले. जिन्याच्या वळणात खाट फिरेना. शेवटी त्यांना चादरीत गुंडाळून, खुर्चीवर बसवून खाली आणावं लागलं, आणि त्यांची बायको बू सुमिनाह प्रत्येक पायरीवर त्यांचं डोकं हाताने सावरत उतरली. त्यानंतरच्या बैठकीत तुला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, जिना काढताना लोकांना विचारलं नव्हतं का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "असं कुणी काही बोललं नव्हतं." बाहेर आल्यावर तू पुन्हा एकदा हळूच विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तिसऱ्या दिवशी तू तुझ्या पेन्सिली घेऊन निघून गेलीस.

लास्त्री, बोललं होतं. बू सुमिनाहच बोलल्या होत्या, त्यांच्या जुन्या घराच्या ओट्यावर, माझ्याकडे बघून, अगदी सरळ शब्दांत: "आमचे हे आजारी असतात. चौथ्या मजल्यावर माणूस गेला तर खाली कसा आणायचा, तेवढं नकाशावाल्या बाईंना विचार." मी ते लिहून घेतलं होतं. अहवाल करताना मला ते पान अशुभ वाटलं, सुटसुटीत मांडणीत कुठे बसेना, आणि मी ते काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. तुझ्या हातात अडतीस पानं आली, एकोणचाळिसावं माझ्या कपाटात राहिलं. त्याच्यासह मी सहा वर्षं लोकांना काय हवं ते ऐकण्याची कामं करत फिरले. रावा मेलातीत मी चपला मोजल्या, शेंगदाणे सोलले, त्याचं कौतुक झालं. पण खरं सांगायचं तर मला यावेळी एकही वाक्य गाळण्याची भीती वाटत होती, एवढंच.

रविवारी लोक राहायला गेले आणि सोमवारी मी ते पान घेऊन पुलापलीकडे गेले. इमारतीतल्या बायका खालच्या मोकळ्या जागेत भाजी निवडत होत्या. मी उभी राहून पान वाचून दाखवलं आणि मी काय केलं ते सांगितलं. कार्यालयाला तेच लेखी दिलंय, त्याची प्रत आणि ते मूळ पान या पाकिटात आहे. पुढचं काम मिळेल की नाही ते बघू. कुणी ओरडलं नाही. एक बाई उठून गेली, ती परत आली नाही. बू सुमिनाह पालेभाजीच्या काड्या मोडत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तुझ्यामुळे जिच्यावर आळ आला, तिला सांगितलंस?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग इथे काय करतेस? आधी ती, आम्ही दुसऱ्या." आणि मी उठायला लागले तेव्हा चहा पुढे केला, म्हणाल्या, पिऊन जा. तो पिता पिताच मला कळलं की त्या सगळ्यांनी मिळून बाहेरच्या अंगाला एक रुंद जिना बांधायचं ठरवलंय, खर्चाला मंजुरीही मिळालीय, आणि अडलंय ते फक्त नकाशावर. म्हणून हे पत्र. माफी मी कागदावर मागत नाही, तू दारात उभी करशील तेव्हा येऊन मागेन. हा बू सुमिनाहांचा निरोप आहे, शब्दही त्यांचेच: "खिडक्या तिनेच काढल्यात ना? वारा छान येतो, त्या खोलीत आमचे हे शेवटपर्यंत सुखाने निजले. जिनाही तीच काढेल. तिला म्हणावं ये, आणि यावेळी आम्ही तिच्याशीच बोलू, मधे कुणी नको."

तुझीच, तू अजूनही म्हणू देत असशील तर,
वेनिंग