एनीचे अकरा सेकंद

१७ मार्च, मंगळवार

रायली आज माझ्याशी बोलली नाही. सकाळी कोट टांगताना नाही, कॉफीच्या वेळीही नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच! हे कोणाला सांगणार? मुख्याध्यापिकेने शिक्षकखोलीत रडगाणं गायचं नसतं. म्हणून ही वही.

कारण कळत नाही. कालची बैठक तर उत्तम झाली. नगरपालिकेने सहाही शाळांकडून नव्या तंत्रज्ञानाचा आराखडा मागवला आहे, एप्रिलअखेरपर्यंत. आमचा सगळ्यांत आधी तयार! जूनमध्ये मी निवृत्त होते. हे माझं शेवटचं मोठं काम. ऑगस्टपासून पहिली ते तिसरीची मुलं संगणकापुढे मोठ्याने वाचतील. प्रोग्राम ऐकेल, चुका टिपेल, अडलेला शब्द सांगेल. आज हे काम रायली करते – शाळेची मदतनीस म्हणून, वाचनखोलीतल्या सोफ्यावर, एकेका मुलाला शेजारी घेऊन. तिचे तास ‘मोकळे होतील’. शब्द माझाच.

मी आराखडा वाचून दाखवला. विचारलं, कोणाचा आक्षेप? कोणी काही बोललं नाही. लाकडी हातोडी आपटली. मंजूर. बावीस मिनिटांत!

१८ मार्च

आजही ‘हो’ आणि ‘नाही’. एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

ओस्मो – गणिताचा, जिभेला हाड नसलेला – शिक्षकखोलीत दालचिनीचा बन कॉफीत बुडवून खात होता.

“कुठला हा?”

“सोमवारचा. रायलीने बैठकीसाठी भाजले होते.”

“तीन दिवसांचा? दगड झाला असेल.”

“म्हणून तर बुडवतोय. चौदा होते, हिल्का. बैठक संपली तेव्हाही चौदाच. तुला दिसलं नाही?”

नाही दिसलं. चाळीस वर्षं मी फिनिश बैठकांना बसते आहे. पलीकडच्या गावातली शाळा बंद करायची ठरली तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर ओरडत होते – पण हातात बन होता! कॉफीबरोबरचा बन कोणीच उचलत नाही, म्हणजे काय समजायचं? आम्ही असेच. पटलं तर गप्प बसतो, आणि अजिबात पटलं नाही तर आणखी गप्प. मी इथेच जन्मले. मला कळायला हवं होतं.

“मग बोलला का नाहीत कोणी?”

“तू हातोडी उचललेलीच होतीस. तिच्याखाली बोट कोण घालणार?”

२४ मार्च

प्रोग्राम नमुन्यादाखल आला आहे. दुसरीतल्या एनीला बसवलं. एनी शब्दापुढे थांबते, नेहमीच. प्रोग्राम चार सेकंद थांबतो. मग गोड आवाजात स्वतःच शब्द सांगतो आणि लाल खूण करतो. एका पानावर चौदा लाल खुणा. रडली नाही. हेडफोन काढून व्यवस्थित टेबलावर ठेवला.

“त्यांना कुठे जायचंय का?” एनीने विचारलं.

“कोणाला?”

“आतल्या बाईंना. घाईत होत्या.”

२५ मार्च

वाचनखोलीत पुस्तकांच्या कपाटामागे खुर्ची टाकून बसले, घड्याळ हातात. तेच पान, पण शेजारी रायली. ‘पाणमांजर’ या शब्दापाशी एनी थांबली. चार सेकंद. सात. नऊ. रायली खिडकीबाहेर दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांकडे बघत राहिली – जणू तिला दुसरं काही कामच नाही. अकराव्या सेकंदाला एनी म्हणाली, “पाणमांजर.” स्वच्छ! चौदा वेळा थांबली, तेरा वेळा बरोबर वाचलं.

यंत्राने तिच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘येत नाही’ असा लावला. आणि मी? ‘कोणाचा आक्षेप?’ म्हटल्यापासून हातोडी पडेपर्यंत किती वेळ गेला असेल? आठवून आठवून मोजलं. तीन सेकंद. यंत्र माझ्यापेक्षा एकाने बरं.

२७ मार्च, शुक्रवार

रायली गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. शेजारी जाऊन उभी राहिले.

“सोमवारी तुला काय म्हणायचं होतं?”

खरवडत राहिली. मी तोंड बंद ठेवलं. किती कठीण जातं ते!

“तास मोकळे होतील म्हणालीस,” ती शेवटी म्हणाली. “माणसाला मोकळं करतात ते तुरुंगातून. मी तिथे सुखात होते गं.”

मग बोलली. यंत्र वाईट नाही म्हणाली. पहिलीतला, देशात नवा आलेला उस्मान घरी त्याच्यावर फिनिश शिकेल, आईलाही शिकवेल. “पण पहिल्यांदा अडखळताना शेजारी माणूस हवं.”

“निर्णय पुन्हा चर्चेला घेते.”

“हातोडी पडल्यावर?”

“हातोडी माझीच आहे.”

“बघू,” म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूची काच घेतली.

३० मार्च

नगरपालिकेच्या शिक्षण विभागातून यार्कोचा फोन. “मंजूर ठराव पुन्हा उघडायचा? बाई, तुम्ही? नियमांवर बोट ठेवणाऱ्या?”

“नियम तुला मीच शिकवले, यार्को. सातवीत. तेव्हाही तू ते अर्धेच वाचायचास.”

१३ एप्रिल, सोमवार

दुसरी बैठक. हातोडी खणात, खणाला कुलूप. प्रश्न विचारला आणि गप्प बसले. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. बावन्न सेकंद! मग ओस्मो खाकरला, आणि पुढे दोन तास कोणी थांबेना.

नवा आराखडा: मूल आधी माणसाला वाचून दाखवणार. प्रोग्राम त्यानंतर, सरावासाठी, आणि घरी. किती सेकंद थांबायचं ते शिक्षक ठरवणार, प्रत्येक मुलाचं वेगळं. ‘ऐकणारी व्यक्ती’ ही जागा कायम.

बन एकही उरला नाही. माझा ओस्मोने पळवला.

२९ एप्रिल

यार्कोने आराखडा मान्य केला! बाकीच्या पाच शाळांनाही पाठवतो म्हणाला. मी धावत वाचनखोलीत गेले – या वयात, मोज्यांवर, चकचकीत फरशीवरून.

रायलीने ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघितलं. मी थांबले.

“मी ऑगस्टपासूनच्या दुसऱ्या नोकरीवर सही केलीय, हिल्का. वृद्धाश्रमात. वीस मार्चला.”

वीस मार्च. म्हणजे पहिल्या बैठकीनंतर चौथ्या दिवशी. गाडीपाशी बोललो त्याच्याही आधी.

“गाडीपाशीच का नाही सांगितलंस?”

“तू पहिल्यांदाच ऐकत होतीस. मध्ये कशी तोडणार?”

मोडून टाक ती सही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं. इथे सही म्हणजे सही. तिकडचे म्हातारे ऑगस्टची वाट बघत असतील.

“तिथेही सगळे सावकाश बोलतात,” ती म्हणाली. मला समजावत होती. मला!

१५ मे

‘ऐकणारी व्यक्ती’च्या जाहिरातीला एकही अर्ज नाही. एनीने विचारलं, ऑगस्टमध्ये सोफ्यावर कोण बसणार? ती वाट बघत उभी राहिली.

३० मे, शनिवार. शाळेचा शेवटचा दिवस

रायलीकडून मिळालं: वाचनखोलीची चावी १. उश्या २. पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा १, अर्धा भरलेला. वही १, प्रत्येक मुलाच्या नावापुढे सेकंद. ‘एनी – ११. चेहऱ्याकडे बघू नये.’ शेवटचं नाव ताज्या शाईत: ‘हिल्का – ३. घड्याळ काढून घ्यावं.’

ताबा घेणार: हिल्का, निवृत्त. दहा ऑगस्टपासून, सोफ्यावर.

माझ्याकडून रायलीला दिलं: मनगटी घड्याळ १, चालू.