राजाची उडी

प्रिय वर्षा,

सोमवारी सकाळी नेहमीसारखा देवापुढं दिवा लावला आणि तिथंच पट मांडला. जुन्या डावांच्या पुस्तकातला तुझा आवडता डाव. काळा राजा कोपऱ्याजवळ, आपल्याच हत्तीनं न् प्याद्यांनी कोंडलेला. चाल पांढऱ्याची. सहावीत असताना तू ही मात भाकरी खाता खाता सांगितली होतीस. घोड्याचा शह द्यायचा, मग वजीर मरायला पुढं घालायचा, हत्तीनं तो घेतला की राजाला हलायला जागाच उरत नाही आणि घोडा मात करतो. फोटो काढून तुला पाठवला. तुझं लग्न झाल्यापासून हाच आपला नेम. मी डाव पाठवायचा, तू चाल कळवायची, मग मी गिरणी सुरू करायची.

त्या दिवशी तुझं उत्तर आलं, "राजाची उडी." एवढंच.

मला हसू आलं. चाल पांढऱ्याची आणि तू काळा राजा हलवलास, तोही घोड्यासारखा. ती उडी आपल्या पारावरच्या देशी खेळातली. पुस्तकातल्या डावात ती नसते, हे मीच तुला शिकवलेलं. म्हटलं, गडबडीत असशील. पण कशात जीव लागेना. गिरणीत सरस्वतीबाईंच्या गव्हात ज्वारी मिसळली. त्या म्हणाल्या, "रामहरी, लेक सासरी गेली का तुमचं ध्यान?" सगळे हसले. दुपारी फोन केला तर जावयांनी, रविराजरावांनी उचलला. स्पीकर लावून त्यांनी फोन तुझ्यापुढं धरला. तू म्हणालीस, सगळं बरं हाय.

यंदा पंचमीला त्यांनी तुला माहेरी पाठवलं नव्हतं. त्याआधी मी आलो होतो तेव्हा भर उन्हाळ्यात तुझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. चहा देताना तू त्या आणखी खाली ओढल्यास. तुझी आई म्हणाली, मोठं घर आहे, रीतभात असेल. मीही तसंच धरून चाललो. सोमवारपासून मात्र रात्री उठून पुन्हा पुन्हा तो पट बघायचो.

गुरुवारी कपिलधारला दर्शनाला गेलो. हात जोडले, पण मागायला शब्द येईनात. बाहेर ओट्यावर दोन म्हातारे खडूनं पट आखून खेळत होते. एकानं राजा उचलून घोड्याच्या घरात ठेवला. दुसऱ्यानं त्याचं मनगटच धरलं.

"न्हाई बे धोंडीराम. एकदा शह बसला की उडी गेली. उडायचं तर आधी उडायचं असतं."

वर्षा, हा नियम मला लहानपणापासून ठाऊक. मी पाठवलेल्या डावात राजाला अजून एकही शह बसला नव्हता. तू चुकली नव्हतीस. आपल्याच माणसांत कोंडलेल्या त्या राजाच्या जागी तू उभी होतीस, आणि फोन वाचणाऱ्याला कळणार नाही असं मला सांगत होतीस. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "काय झालं ते तिला विचारू नका. आधी घरी आणा."

तुझ्या फोनवर लिहिलं तर ते तुझ्याआधी दुसरे वाचतात, म्हणून हा कागद. तुमच्या गावातल्या मारुतीच्या पारावर बसून गुडघ्यावर लिहितोय. अंगणवाडीच्या मोहिनीताई तो तुझ्या हातात देतील. आत्ताच अमरसिंहरावांना, तुझ्या सासऱ्यांना, तोंडावर सांगून आलो की लेकीला न्यायला आलोय. ते म्हणाले, ती यायची नाही म्हणते. मी म्हणालो, तसं तिनं उंबऱ्यात येऊन मला सांगावं. गावात लोक काय बोलायचं ते बोलतील, त्याचा विचार वाटेतच संपला. आई जीपमध्ये बसली आहे, तुझ्यासाठी खिडकीची जागा सोडून. तुझी चाल मला कळली, पोरी. उडी मारायचं घर मोकळं आहे. मी आलोय.

दाराकडं डोळे लावून बसलेला तुझाच,
आबा