उंबऱ्यावरची विभूती

सोलापूर, ता. २६ मे १९३०

तीर्थरूप अण्णांस जगदेवीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र तिकडं येणाऱ्या शेजारच्या काशम्माच्या हाती देतेय, टपाल फोडून बघतात म्हणे. मी जिती हाय, तेवढीच खुशाली समजा. जमावानं पोलीस चौकी पेटवली, पहाऱ्यावरच्या ह्यांना दगडांनी मारलं, ते तुम्हाला कळलंच. एक सांगायचं राहिलं. ह्यांच्या गळ्यात इष्टलिंग नव्हतं. कुणीतरी काढून नेलं. मठातल्या जंगमांनी ह्यांना बसवून, दुसरं लिंग तळहातावर ठेवून माती दिली. जन्मभर पूजलेलं लिंग सोडून माझा माणूस मातीत बसलाय, अण्णा.

शहर लई गप्प झालंय. गिरण्यांचे भोंगे बंद, गल्लीत नुसते गोऱ्या सोजिरांचे बूट वाजतात. लष्कराचा साहेब म्हणाला, गुन्हेगाराला फासावर चढवू. मी म्हटलं, एकाच्या बदली दहा चढवा. माझा संताप तुम्हाला ठाऊक हाय की.

आणि एक. रोज सकाळी उंबऱ्यावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे असतात. पूजा झाली की हे असेच तीन बोटं उंबऱ्याला लावून ड्यूटीवर जायचे. आता कोण लावतं? रातीचं बाहेर पडायला तर बंदी हाय. आमचं कुत्रं माझ्यावरसुद्धा भुंकतं, पण त्या वेळी कान पाडून गप्प पडतं. मला वाटतं, ह्यांना मारून लिंग ज्यानं नेलं तोच येतो. भीती वाटते, तरी मी रोज दार उघडून आधी खाली बघते.

वहिनीला नमस्कार. माया करता तशीच करत राहा.
तुमची जगदेवी


अक्कलकोट, ता. ३० मे १९३०

चि. जगदेवीस विरुपाक्षाचे अनेक आशीर्वाद.

सौ. लिहिता येत नाही आणि गं. भा. लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं चिरंजीव लिहिलं.

मी खादीची टोपी घालणारा माणूस. तरी सांगतो, नोकरी करणाऱ्याला ठेचून मारणं म्हणजे स्वराज्य नव्हे. अशाला जबर शिक्षा झालीच पाहिजे, नाहीतर उद्या कुणाचंच घर शाबूत राहणार नाही. तुमच्या गल्लीतल्या मडिवाळप्पाला धरल्याचं काशम्मा म्हणाली. ओळखायला बोलावतील तेव्हा बोट दाखव आणि मोकळी हो.

उंबऱ्याचं कुणापाशी बोलू नकोस, वेडात काढतील. लहानपणी कवठाच्या झाडावर भूत म्हणून दगड मारत सुटायचीस, आठवतं ना? वहिनी तुझी वाट बघते. दोन घास वेळेवर खात जा, एवढं माझ्यासाठी कर.
तुझा अण्णा


सोलापूर, ता. ७ जून १९३०

तीर्थरूप अण्णांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेले होते. मडिवाळप्पाला ओळखायला समोर उभं केलं होतं. मी दहा मागितले होते ना? त्यांतला पहिला बघितला आणि उचललेलं बोट पुन्हा पदराखाली घेतलं. तो आठवडाभर कोठडीत हाय, अन् पट्टे तर रोज उमटतात. मग तो कसा? मी न्हाई म्हणून सांगितलं.

साहेबाचा कारकून चिडला. म्हणाला, पोलीस मेलाय, कुणाला तरी शिक्षा झाल्याशिवाय लोकांना धाक बसायचा न्हाई. मी म्हटलं, मला मारणारा हवा, कुठलंही मेंढरू नको. तरी त्याला सोडीनात. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ चन्नवीर पुढं आला. दगड मी घातला, धाकट्याला सोडा, म्हणाला. लिंगाचं विचारलं तर विहिरीत पडलं म्हणाला.

मडिवाळप्पाला सोडलं. मी घरी येऊन उंबरा घासून धुतला. लई दिवसांनी पोटभर जेवले, अण्णा. वहिनीला सांगा म्हणजे तिच्या जिवाला बरं वाटेल.
तुमची जगदेवी


अक्कलकोट, ता. १० जून १९३०

चि. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

सुटलीस, बाई! न्याय झाला. आता मागं वळून बघू नकोस. सामान बांध, बंदी उठली की मी न्यायला येतो. तुझी खोली वहिनीनं सारवून ठेवली आहे.
तुझा अण्णा


सोलापूर, ता. १२ जून १९३०

तीर्थरूप अण्णांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

सामान बांधलेलं न्हाई. आज सकाळी पुन्हा तीन पट्टे होते. अन् त्यांवर ह्यांचं लिंग, धुतलेलं, ताजं बेलपान वाहिलेलं. लिंगाच्या दोऱ्याची, शिवदाराची गाठ मीच मारलेली, मी ओळखली. उचललं तर ऊन लागलं, आत्ताच कुणाच्या छातीवरनं काढल्यासारखं. कुत्रं गप्पच होतं.

म्हणजे चन्नवीर खोटं बोलला. त्याच्या बायकोकडे, चंद्रव्वाकडे धावत गेले. ती रडून सांगते की त्या दिवशी तो वळसंगला होता, गावात नव्हताच. धाकट्यासाठी त्यानं मान पुढं केली अन् साहेबानं ती धरली. त्यांना मान मिळाल्याशी कारण. अण्णा, ह्याला न्याय म्हणायचं? मग त्या दिवशी जमावानं काय वेगळं केलं? हातात सापडला त्यालाच त्यांनी मारलं.

लिंग पदरात बांधून मी साहेबाकडे निघाले हाय. चन्नवीर खोटा हे दाखवायला माझ्याजवळ एवढंच हाय. ते पुराव्यात ठेवून घेतील, परत मिळायचं न्हाई. दोन घटका तेवढं छातीशी धरून बसले होते. तुम्ही रागावाल, पण रागातसुद्धा मला टाकू नका.
तुमची जगदेवी

ता. क. उंबरा धुतला न्हाई. त्या पट्ट्यांखाली मी विभूतीनंच लिहून ठेवलंय: चन्नवीर तुझ्या बदली मरतोय. उद्या सकाळी तो येईल तेव्हा वाचील.