दादानं बसवलेला मोठा पंखा

बुधवार, संध्याकाळ

दादाला काय म्हणावं! मी नको म्हणत होते, तरी आमच्या आजोबांच्या, अण्णांच्या बोटीच्या जुन्या मोटरीला त्यानं पाण्यात फिरणारा मोठा पंखा बसवला. का, तर बोट जोरात पळेल म्हणून. आज उजनी धरणाच्या मधोमध वारा सुटला, बोटीत मासळी भरलेली, आणि त्या पंख्याचा भार न पेलून मोटर बंदच पडली.

"मोटर लई म्हातारी झालीय, भंगारात घाला की," दादा म्हणाला. अण्णांसमोर! मोटर म्हातारी? का पंखा चुकीचा?

 अण्णा वल्हं मारत राहिले.

किनाऱ्याला लागताच मी पाना घेतला. अण्णा म्हणाले, "दे हिकडं." जुना, लहान पंखा त्यांनी स्वतः बसवला. मोटर लगेच सुरू झाली. दादा अजून माफीचा शब्द बोललेला नाही.