बादलीने केलेला घात

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूचा स्वभाव दोन्ही पूर्वीइतकेच ताठ असतील असं धरून चालते. (हे वाक्य काकूला वाचून दाखवू नये.) माझं म्हणाल तर जेवते, झोपते, याउपर चांगली बातमी नाही.

तीन वर्षं मी नक्की काय करते हे तुम्ही दर पत्रात विचारता आणि मी दर पत्रात टाळते. आता सगळं संपलंच आहे, तर सांगते. मातीत बुरशी असते, जंतूही असतात, आणि ते एकमेकांशी वासाने बोलतात. म्हणजे बुरशी हवेत काही रसायनं सोडते, ती पोचली की स्वस्थ बसलेले जंतू हलायला लागतात. हे दाखवायला सैल झाकणाची बशी घ्यायची, मधोमध भिंत. एकीकडे बुरशी, दुसरीकडे जंतू. भिंतीवरून फक्त वास जातो. (तुमच्या आणि बाबांच्या खोल्यांमध्ये होती तशी भिंत, फक्त तिच्यावरून शिव्याही जायच्या.) माझे जंतू असे पळत की बघत राहावं! माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावर चार शहरांत भाषणं ठोकली. तुलनेसाठी बुरशी नसलेल्या बश्याही होत्या, त्या मी जागेअभावी आतल्या खोलीत ठेवत असे. तिथले जंतू ढिम्म. म्हणजे सिद्धच झालं की नाही?

मग फरशी पुसणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि माझ्या जंतूंनी बसकण मारली. दीड महिना हलले नाहीत. बुरशी बदलली, बश्या बदलल्या, देवाला सोडून सगळ्यांना विचारून झालं. बदली आलेली बाई नुसत्या पाण्याने पुसते, हे ध्यानात यायला एवढा वेळ लागला, कारण संशोधक माणूस खाली बघत नाही. मावशींच्या कपाटातून पाइनच्या वासाचं फरशीचं औषध काढलं, बुरशी नसलेल्या बशीशेजारी थेंबभर ठेवलं, आणि जंतू चौखूर उधळले. त्या औषधातली रसायनं बुरशीच्या वासाच्याच कुळातली निघाली. आणि आतल्या खोलीत मावशी कधी पुसायला जातच नसत. तीन वर्षं माझे जंतू बादलीचं ऐकत होते, काका.

सरांना सांगायला गेले. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल मलाच माहीत नव्हतं, सर."

"मग समिती गेल्यावर, परवा कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

समितीपुढे गप्प बसायचं असं ठरवूनच गेले होते. पण पहिल्याच आलेखाला एका सदस्यांनी मान डोलावून "सुंदर!" म्हटलं, ते मला सोसलं नाही आणि सगळं ओकून टाकलं. शेवटी एका वयस्कर बाईंनी एवढंच विचारलं, की त्या औषधाने डाग जातात का. काम बंद झालं. महिनाअखेर टेबल रिकामं करायचं आहे. सर जिन्यात भेटले की भिंतीवरची सूचना वाचायला लागतात. (भिंतीवर सूचना नाही.)

परवा मावशी परत आल्या. त्यांच्या कानावर गेलंच होतं. डोळे भरून माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "ताई, एकदा सांगायचं तरी. मी नुसत्या पाण्याने पुसलं असतं." जंतू काय बोलतात म्हणून तीन वर्षं कान लावून बसले, आणि या बाईंशी "पाय उचलते हं" यापलीकडे कधी बोलले नव्हते. नात झाली की नातू, एवढं विचारलं. नात झाली म्हणाल्या. मग दोघी रडलो. त्या माझ्यासाठी, मी सरसकट.

बाबांना यातलं अक्षर कळवू नये. त्यांच्या मते मी कसलंसं औषध शोधते आहे, आणि एका अर्थी ते मला सापडलंही.

तुमची,
घरातली एकमेव शास्त्रज्ञ (महिनाअखेरपर्यंत)

ता. क. : पत्र खरं तर यासाठी लिहिलं. तुमच्या जुन्या शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवा आहे असं काकू म्हणाली. मुख्याध्यापिकांकडे शब्द टाकाल का?

ता. क. २ : थांबा, टाकू नका. औषध न वापरलेल्या खोलीत शेवटच्या बारा बश्या लावल्या होत्या, त्यातल्या एकीत आज सकाळी जंतू हलले आहेत. बारात एक म्हणजे काहीच नाही, मला कळतं. पण हलले आहेत, काका! शाळेला महिनाभर थोपवून धरा.

ता. क. ३ : काल सर्दीमुळे मी छातीला बाम चोळून गेले होते. नाक बंद, म्हणून मला वास आला नाही. जंतूंना आला. ती एकच बशी मी नीट बघायला जवळ घेऊन बसले होते. मुख्याध्यापिकांशी आजच बोलावं.