मर्लचा कौल

शनिवार, १० जानेवारी

हरलो! दोन गुणांनी. आणि गिल हॅव्हरस्टिक अजून म्हणतोय, पंचांनी हरवलं.

कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांना गिल आमच्या मागच्या ओळीत बसतो, बावीस वर्षं. धान्य-खताचं दुकान चालवतो आणि घसा दुकानात वापरत नाही, तो सगळा शनिवारसाठी राखून ठेवतो. "अहो पंच, शिट्टी गिळलीत का?" इथून सुरुवात. त्याची बायको पॅटी म्हणते, "पंचांना कशाला नावं ठेवता? आपल्या पोरांनी अकरा फ्री थ्रो घालवले. एवढे तर मी घातले असते!" मग दोघांची जुंपते.

आणि मग नेहमीचंच. शिट्टीवर वाद झाला की आम्ही बसतो तो अख्खा कोपरा माझ्या नवऱ्याकडे, मर्लकडे वळतो. "काय पंचसाहेब? फाऊल होता?" मर्लने एकतीस वर्षं शाळांच्या सामन्यांत शिट्टी वाजवली. तो "बरोबर" म्हणाला की आमचा कोपरा गप्प. "चूक" म्हणाला की मग छप्पर उडालंच.

कोटाखाली माझा हात त्याच्या गुडघ्यावर असतो. एकदा दाबलं की पंच बरोबर. दोनदा दाबलं की चूक. आज सात वेळा विचारलं, सातही वेळा निभावलं.

तीन वर्षं झाली. कडेचं थोडं दिसतं त्याला, समोरचं सगळं पुसलेलं. डॉक्टर सोडून कुणालाच माहीत नाही. गाडी मी चालवते, कारण "मर्लचा गुडघा दुखतो".

रविवार, ११ जानेवारी

कोल्बी श्रॉक जेवायला आला. आमच्या संघातला अकरा नंबर. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना गावातली घरं वाटून घेतात, हा आमच्या वाट्याचा. बटाट्याच्या लगद्यावर कोंबडीच्या नूडल्स, तीनदा घेतल्या. तो गेल्यावर मर्लने हळूच विचारलं, "मिशी ठेवलीय का गं? आवाज मिशीवाला वाटतो."

मी म्हटलं, ठेवलीय. शोभत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

आज मी वाईट वागले. लिहूनच टाकते.

शेवटची चार मिनिटं. समोरचा पोरगा बास्केटकडे घुसला, कोल्बी आडवा गेला, दोघं धाडकन आपटले. शिट्टी! फाऊल कोल्बीवर, आणि तो त्याचा पाचवा, म्हणजे बाहेरच. गिल उभा राहून ओरडला, "पाय रोवलेले होते त्याचे! आंधळा आहेस का रे?" पॅटीसुद्धा ओरडली. सगळे वळले. "पंचसाहेब?"

अडवणारा पाय रोवून उभा असेल, तर फाऊल घुसणाऱ्यावर. पण कोल्बीचे पाय रोवलेले नव्हते. मी स्पष्ट पाहिलं. पण कोल्बीचा चेहरा असा झाला होता की काय सांगू. मी दोनदा दाबलं.

पण मर्ल म्हणाला, "बरोबर आहे. पाय सरकत होता."

कोपरा गप्प! गिलसुद्धा बसला.

घरी आल्यावर मर्ल कोट न काढताच म्हणाला, "धडकेच्या आधी बूट किंचाळला. थांबलेला बूट किंचाळत नाही, लव्हॉन." मी म्हटलं, "एवढं काय झालं, आपलाच पोरगा आहे." तेव्हा तो चिडला. एकेचाळीस वर्षांत असा दोनदाच चिडलाय. "मला दिसत नाही, ठीक आहे. पण माझ्या तोंडून खोटं वदवू नकोस! माझ्याकडे आता तेवढंच उरलंय."

सोमवार, २६ जानेवारी

अबोला. कॉफी त्याने स्वतः ओतली, कपाच्या कडेला बोट लावून. भाजलं असणार.

मंगळवार, २७ जानेवारी

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तू त्या पोरावर जीव लावतेस, त्यात गैर काय? फक्त जीव लावताना दाबू नकोस." हसलो दोघं. किती हलकं वाटलं!

शनिवार, ७ फेब्रुवारी

जिंकलो! चौदा गुणांनी. कोल्बीचे बावीस. पंच तीनदा चुकले, तिन्ही वेळा आपल्या फायद्याचं. दर वेळी मी दोनदा दाबलं, मर्लने "चूक" म्हटलं, आणि गिल म्हणाला, "अशा चुका माणसाने मोठ्या मनाने माफ कराव्यात."

शनिवार, २८ फेब्रुवारी

कोट न काढताच लिहायला बसलेय.

शेवटचा सामना. जिंकलो तर पुढे जाणार, हरलो तर मोसम संपला. गर्दी इतकी की भिंतीला टेकून माणसं उभी. आपली पोरं पहिल्या अर्ध्यात गाढवासारखी खेळली. पॅटी म्हणाली, "बचाव म्हणतात याला? आमच्या दुकानाचं दारसुद्धा याहून जास्त अडवतं." मग सावरले. नऊ सेकंद उरले, आपण एकाने पुढे.

आणि मी मर्लकडे पाहिलं. का, माहीत नाही. तो पुढे वाकला होता, मान कलती, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. तेवीस वर्षांचा असताना शिट्टी ओठांत धरून असाच उभा राहायचा. मी तेव्हा पहिल्या बाकावर बसायचे, खेळ न बघता. आजही तसंच झालं. बघतच राहिले.

शिट्टी! धडक होऊन गेली होती. कोल्बी खाली पडलेला. फाऊल त्याच्यावर, समोरच्याला दोन फ्री थ्रो. सगळा हॉल पेटला. "चोर! चोर!" आणि आमचा कोपरा वळला. गिलचा घसा बसला होता. "पंचसाहेब, सांगा! होता का?"

माझा हात गुडघ्यावर तसाच. काय दाबू? मी पाहिलंच नव्हतं!

मर्लने वाट पाहिली. त्या गोंगाटात त्याला बूट ऐकू आले नसणार. अंदाजाने काहीही ठोकून देता आलं असतं. त्याने माझा हात कोटाखालून बाहेर काढला, सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "मला दिसत नाही. तीन वर्षं झाली. लव्हॉन सांगते, मी बोलतो. तिला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी पाहिलं नाही. मी मर्लकडे बघत होते."

पॅटीने तोंडावर हात धरला. खाली त्या पोराने दोन्ही फ्री थ्रो घातले. एका गुणाने गेलो.

बाहेर पडताना लोक वाट देत होते. मला ते मुळीच आवडलं नाही. आजवर आम्हाला कुणी वाट दिली नव्हती, ढकलाढकली करत, भांडत बाहेर पडायचो. गाडीत मर्ल म्हणाला, "पुढच्या वर्षी तिकिटं नकोत."

मी गाडी सुरू केली.

रविवार, १ मार्च

चर्चमध्ये सगळे फार गोड वागले. मर्लला दोघांनी दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. त्याला पायऱ्या पाठ आहेत. घरी येऊन खिडकीकडे तोंड करून बसला. "आता मी म्हातारा आंधळा," म्हणाला. एवढंच.

पंचसाहेब म्हणून असलेली त्याची जागा गेली, आणि मी तेव्हा भलतीकडेच बघत होते. पण खरं सांगते, परत तशी वेळ आली तरी त्याच्याकडेच बघेन.

मंगळवार, ३ मार्च

गिल दारात उभा, टोपी हातात. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "वहिनी, तिकिटं सोडू नका. आम्हाला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. तुमचं कोपर हलतं, मागून सगळं दिसतं. एकदा म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे चूक."

मी विचारलं, "मग त्याला विचारत कशाला होतात? माझं कोपर बघून चाललं नसतं?"

गिल म्हणाला, "जानेवारीत कोल्बी बाहेर गेला, त्या दिवशी तुम्ही दोनदा दाबलंत. सगळ्या ओळीने बघितलं. तो 'बरोबर' म्हणाला. मग वहिनी, आम्ही गप्प कुणाच्या शब्दावर बसलो?"